स्मार्टफोनला बाह्य जीपीएस रिसीव्हरची बिनतारी जोडणी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत जमिनीची भाषा गुंठ्याची आहे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, अर्थात १,०८९ चौरस फुटांचा तुकडा. मीटरमध्ये सांगायचे तर त्याची बाजू जेमतेम दहा मीटर भरते. आपल्या खिशातील स्मार्टफोन मोकळ्या आकाशाखाली स्थान दाखविताना साधारणपणे पाच मीटरपर्यंत चुकू शकतो. म्हणजे गुंठ्याच्या बरोबर मध्यभागी उभ्या असलेल्या माणसाला त्याचाच फोन शेजाऱ्याच्या बांधावर नेऊन उभा करू शकतो. महामार्गावरून कऱ्हाडला वळण्याचा रस्ता शोधताना ही चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही. विंधनविहिरीची जागा, ठिबकची पुरलेली नळी किंवा पुराच्या गाळाखाली गेलेला हद्दीचा दगड शोधताना मात्र पाच मीटर फार मोठे अंतर ठरते.

या अडचणीवरील एक उपाय म्हणजे बाह्य जीपीएस रिसीव्हर फोनला बिनतारी पद्धतीने जोडणे. ही जोडणी कशी चालते, ती कशी करावी, तिच्यातून किती अचूकता मिळते आणि ती कोठे उपयोगी पडत नाही, याची माहिती येथे दिली आहे.

रिसीव्हरचे काम

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात व अतिशय अचूक घड्याळाची वेळ सतत प्रक्षेपित करीत असतात. हा संदेश जमिनीवर पोहोचण्यास किती वेळ लागला, यावरून रिसीव्हर त्या उपग्रहाचे अंतर काढतो. एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात सुमारे ३०० मीटरची चूक. त्यामुळे रिसीव्हरच्या घड्याळातील फरकही गणितानेच काढावा लागतो, आणि म्हणून किमान चार उपग्रह दिसणे आवश्यक असते. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू आणि भारताची नाविक या यंत्रणाही याच तत्त्वावर चालतात. या सर्वांना मिळून जीएनएसएस म्हणतात. बोलीत मात्र ‘जीपीएस’ हाच शब्द रूढ झाला आहे.

फोनमध्येही रिसीव्हर असतोच. परंतु त्याचा अँटेना बोटाच्या पेराएवढ्या जागेत, इतर अनेक अँटेनांच्या दाटीत बसविलेला असतो. बाह्य रिसीव्हरला मोठा, आकाशाकडे तोंड केलेला अँटेना असतो. तो एकाच उपग्रहाच्या दोन किंवा अधिक वारंवारता ऐकतो आणि जमिनीवरून व भिंतींवरून परावर्तित होऊन आलेले संदेश बऱ्याच अंशी बाजूला सारतो. अचूकतेतील फरक येथूनच सुरू होतो.

थोडा इतिहास

१ मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापरासाठीच्या जीपीएसमध्ये हेतुपुरस्सर चूक मिसळत असे. त्यामुळे स्थान शंभर मीटरपर्यंत चुकत असे. त्या रात्री ही मिसळ बंद झाली आणि जीपीएस सर्वसामान्यांच्या उपयोगाचे झाले. त्या काळातील बहुतेक स्मार्टफोनमध्ये मात्र जीपीएस नव्हते, ब्लूटूथ होते. साहजिकच आगपेटीपेक्षा थोडे मोठे ब्लूटूथ रिसीव्हर बाजारात आले. गाडीच्या काचेमागे रिसीव्हर ठेवायचा आणि हातातील फोनवर नकाशा पाहायचा, अशी ती पद्धत होती. २००७ मध्ये नोकिया एन-९५ या फोनमध्ये जीपीएस आतच बसवून आले, पुढे ते सर्वच फोनमध्ये आले आणि ती डबी कपाटात गेली.

गेल्या काही वर्षांत बाह्य रिसीव्हर परत आला आहे, पण कारण बदलले आहे. पूर्वी फोनला स्थान ठाऊक नव्हते म्हणून तो लागे. आता फोनला स्थान ठाऊक असते, पण ते मीटरमध्ये. मोजणीदार, अभियंते, वनकर्मचारी व काही शेतकरी यांना ते सेंटीमीटरमध्ये हवे असते.

दुवा कसा जुळतो

बाह्य रिसीव्हर आणि फोन यांच्यातील संभाषण बहुधा ब्लूटूथवरून होते. जुन्या व प्रचलित पद्धतीत रिसीव्हर स्वतःला ‘सिरियल पोर्ट’ म्हणून सादर करतो. संगणकाला पूर्वी तारेने जोडल्या जाणाऱ्या यंत्रांची ही बिनतारी नक्कलच होय. या वाटेने रिसीव्हर दर सेकंदाला एक किंवा अधिक वेळा साध्या अक्षरांतील वाक्ये पाठवितो. या वाक्यांच्या मांडणीला एनएमईए ०१८३ असे नाव आहे. ही मांडणी मुळात जहाजांवरील उपकरणांसाठी ठरविण्यात आली होती.

त्यांपैकी ‘जीजीए’ हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. त्यात वेळ, अक्षांश, रेखांश, उंची, वापरलेल्या उपग्रहांची संख्या आणि दर्जाचा एक आकडा असतो. दर्जा १ म्हणजे साधे स्थान, २ म्हणजे सुधारणा मिळालेले स्थान, ५ म्हणजे सेंटीमीटरच्या वाटेवर असलेले पण अद्याप पक्के न झालेले स्थान, आणि ४ म्हणजे पक्के स्थान. पाच हा आकडा चारपेक्षा मोठा असला तरी दर्जाने कमी आहे, हे लक्षात ठेवावे. ॲपमध्ये हेच दर्जे ‘सिंगल’, ‘फ्लोट’ आणि ‘फिक्स’ अशा शब्दांत दिसतात.

जोडणीची क्रिया

अँड्रॉइड फोनवर जोडणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. रिसीव्हर पूर्ण भारित करून मोकळ्या जागी सुरू करावा. प्रथमच किंवा दूरच्या ठिकाणी सुरू केल्यास त्याला उपग्रहांची माहिती गोळा करण्यास काही मिनिटे द्यावीत.

२. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन रिसीव्हरचे नाव शोधावे व जोडी जुळवावी. जुन्या रिसीव्हरांना संकेतांक लागतो. तो बहुधा ०००० किंवा १२३४ असतो.

३. जोडी जुळल्यावर फोन ‘जोडलेले नाही’ असे दाखवीत राहिला तरी घाबरू नये. येथे फक्त ओळख झालेली असते. प्रत्यक्ष दुवा ॲप सुरू केल्यावरच जुळतो. याच टप्प्यावर अनेक जण रिसीव्हर नादुरुस्त समजून परत करतात.

४. एसडब्ल्यू मॅप्स किंवा क्यूफील्ड यांसारख्या ॲपमध्ये बाह्य रिसीव्हर निवडण्याची सोय आतच असते. ॲप उघडून स्थानाचा स्रोत म्हणून रिसीव्हर निवडावा. अँड्रॉइडच्या १२ व त्यापुढील आवृत्त्यांत ॲपला ‘जवळची उपकरणे’ वापरण्याची परवानगी द्यावी लागते.

५. इतर सर्व ॲपनाही बाह्य रिसीव्हरचे स्थान मिळावे असे वाटत असल्यास एक मध्यस्थ ॲप लागते. फोनच्या माहितीच्या पानावर ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की विकसकांसाठीचे पर्याय खुले होतात. तेथे ‘मॉक लोकेशन ॲप’ म्हणून त्या मध्यस्थाची निवड करावी. काम संपल्यावर हा पर्याय बंद करावा, कारण काही ॲप अशा मार्गाने आलेले स्थान बनावट समजून नाकारतात.

६. उपग्रहांची संख्या व दर्जाचा आकडा पाहावा. संख्या बदलत नसेल, तर फोन अद्याप स्वतःच्याच जीपीएसवर चालत असण्याची शक्यता असते. रिसीव्हर फोनपासून दूर नेऊन पाहणे ही सोपी परीक्षा आहे. पडद्यावरील बिंदू रिसीव्हरच्या जागेवरच राहिला पाहिजे.

बहुतेक रिसीव्हर एका वेळी एकाच फोनशी बोलतात. दुसऱ्याचा फोन आधी जोडलेला असेल तर आपली जोडणी नाकारली जाते. ब्लूटूथचा पल्लाही साधारण दहा मीटरचाच धरून चालावे.

आयफोनची गोष्ट थोडी निराळी आहे. ब्लूटूथची ‘सिरियल पोर्ट’ ही वाट तेथे ॲपना सहजासहजी खुली नसते. त्यासाठी ॲपलने मान्यता दिलेला रिसीव्हर किंवा कमी ऊर्जेच्या ब्लूटूथवर चालणारा रिसीव्हर लागतो. खरेदीपूर्वीच याची खात्री करून घ्यावी.

सेंटीमीटर येतात कोठून?

केवळ महाग रिसीव्हर जोडल्याने अचूकता सेंटीमीटरवर येत नाही, हा मुद्दा विक्रेते बहुधा सांगत नाहीत. उपग्रहाचा संदेश वातावरणातून येताना रेंगाळतो, उपग्रहाच्या कक्षेच्या माहितीतही किंचित चूक असते. या चुका जवळजवळच्या दोन ठिकाणी सारख्याच असतात. म्हणून ज्याचे स्थान आधीच पक्के ठाऊक आहे अशा जागी एक रिसीव्हर कायम ठेवतात. त्याला दिसणारी चूक तो कळवीत राहतो आणि शेतातील रिसीव्हर ती स्वतःच्या मोजमापातून वजा करतो.

यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाने अशी कायमस्वरूपी केंद्रे उभारली असून त्यांना ‘कॉर्स’ म्हणतात. राज्यात भूमी अभिलेख विभागाच्या सहभागाने ७७ कॉर्स केंद्रे उभारण्यात आली. शासकीय मोजणीत आता दिसणारा, काठीवर बसविलेला ‘रोव्हर’ याच केंद्रांच्या आधारावर चालतो. बिनतारी जोडणीचे खरे महत्त्व येथे कळते. केंद्राकडून आलेली सुधारणा मोबाईलच्या इंटरनेटवरून फोनमध्ये येते. फोन ती ब्लूटूथवरून काठीवरील रिसीव्हरला देतो. रिसीव्हर गणित करून पक्के स्थान त्याच वाटेने फोनला परत करतो. संभाषण असे दुहेरी असते आणि त्यातील एक दुवा तुटला तरी दर्जा चारवरून खाली घसरतो.

ही सेवा घेण्यासाठी नोंदणी करावी लागते. त्यानंतर मिळालेला सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, केंद्राचे नाव, वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द ॲपमध्ये ‘एनट्रिप’ या शीर्षकाखाली भरावा. केंद्रापासूनचे अंतर वाढले की चूकही वाढते. ढोबळ हिशेब असा, की मुळात एखादा सेंटीमीटर आणि त्यावर प्रत्येक किलोमीटरमागे सुमारे एक मिलिमीटर.

जेथे इंटरनेट नाही तेथे इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी विमानांसाठी उभारलेली ‘गगन’ यंत्रणा उपयोगी पडते. तिच्या सुधारणा थेट उपग्रहावरून, विनामूल्य मिळतात. तिच्याकडून सेंटीमीटरची अपेक्षा करू नये, पण मोकळ्या जागी साधारण तीन मीटरच्या आतील स्थान ती देऊ शकते. रिसीव्हर ‘एसबीएएस’ला अनुकूल असावा लागतो.

दोन जिल्हे, दोन प्रकारची आकाशे

रिसीव्हरला आकाश किती दिसते यावर सारे अवलंबून असते. या बाबतीत दोन्ही जिल्ह्यांचे पूर्व व पश्चिम असे सरळ दोन भाग पडतात. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यांत आणि कासच्या पठारावर आकाश मोकळे असते. तेथे पक्के स्थान एखाद्या मिनिटात मिळते. पाटण, जावळी व महाबळेश्वरच्या दऱ्यांत, तसेच कोयना व चांदोलीच्या जंगलात डोंगराचे कडे अर्धे आकाश झाकतात आणि ओल्या पानांचे छत उरलेला संदेश शोषून घेते. तेथे मोबाईलची साखळीही विरळ असल्याने कॉर्सची सुधारणा पोहोचत नाही. अशा ठिकाणी नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून घ्यावेत, झाडीच्या मोकळ्या फटीत थांबून मोजावे आणि एकाच बिंदूचे वाचन वेगवेगळ्या वेळी दोनदा घ्यावे. दोन वाचनांत फरक पडला, तर त्यांपैकी कोणतेही पक्के समजू नये.

कृष्णाकाठच्या उसाच्या शेतांत निराळी अडचण येते. वाढलेल्या उसात काठी ताडाएवढ्या पानांत बुडते. लागण होण्यापूर्वी किंवा तोडणीनंतर मोजणे उत्तम. तासगावकडील द्राक्षबागांत लोखंडी अँगल, तारांचे मांडव व पत्र्याची शेड यांवरून संदेश परावर्तित होतो. म्हणून तेथे काठी मांडवाच्या वर येईल इतकी उंच धरावी. काठी सरळ असावी. दोन मीटरची काठी केवळ पाच अंश कलली, तरी टोक सुमारे १७ सेंटीमीटर सरकते. सेंटीमीटरसाठी पैसे मोजून पाण्याच्या बुडबुड्याकडे दुर्लक्ष करणे हा मोठाच अपव्यय होय.

नेहमी होणाऱ्या चुका

पहिली चूक अंश लिहिण्याच्या पद्धतीची. एनएमईएच्या वाक्यात सांगलीचा अक्षांश १६५१ या आकड्यांनी सुरू होतो. त्याचा अर्थ १६ अंश ५१ मिनिटे, म्हणजे १६.८५ अंश. तो कोणी १६.५१ असा वाचला, तर सांगलीचा बिंदू सुमारे ३८ किलोमीटर दक्षिणेस, कर्नाटकातील चिकोडीच्या परिसरात जाऊन पडतो. दशांश अंशात पाचवा आकडा साधारण एक मीटर दाखवितो व सातवा आकडा एक सेंटीमीटर. म्हणून सेंटीमीटरचे मोजमाप चार आकड्यांत लिहून ठेवणे व्यर्थ आहे.

दुसरी चूक आधारभूत गोलाची. जीपीएस ‘डब्ल्यूजीएस-८४’ या आधारावर चालते, तर सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे ‘एव्हरेस्ट’ या जुन्या आधारावर काढलेले आहेत. रूपांतर न करता जुन्या नकाशावरील आकडे घेतल्यास आपल्या भागात शंभर मीटरहून अधिक फरक पडू शकतो. शिवाय भारतीय भूपट्ट दर वर्षी सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकत आहे. वीस वर्षांत हा फरक मीटरभर होतो. म्हणून आकड्यांसोबत आधार आणि तारीख लिहिणे आवश्यक ठरते.

तिसरी चूक उंचीची. रिसीव्हर मुळात एका गणिती गोलापासूनची उंची मोजतो. आपल्या भागात ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा साठ-सत्तर मीटरने कमी येते. हा फरक ॲप दुरुस्त करते की नाही, हे तपासावे. उंचीतील चूक आडव्या चुकीपेक्षा नेहमीच जास्त असते. त्यामुळे समतल चर आखण्यास फोनची उंची मुळीच वापरू नये. कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत अव्वल क्रमांक मिळविला. त्या स्पर्धेतील गावांना समपातळी रेषा आखण्यासाठी हायड्रोमार्कर हे पाण्याच्या नळीवर चालणारे साधे साधनच शिकविले गेले होते. त्या कामासाठी आजही ते अधिक भरवशाचे आहे.

चौथी चूक क्षेत्रफळाची. एक एकर चौरसाची बाजू सुमारे ६३.६ मीटर असते. लांबी व रुंदी दोन्ही केवळ दोन-दोन मीटर जादा आली, तर क्षेत्र अडीच गुंठ्यांनी फुगते. नुसता फोन घेऊन बांधावरून चालत मोजलेले क्षेत्र खरेदी-विक्रीत प्रमाण मानणे म्हणूनच धोक्याचे आहे.

यंत्र अचूक, पण हद्द?

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. रिसीव्हर आपण कोठे उभे आहोत हे सांगतो, हद्द कोठे आहे हे सांगत नाही. हद्द ठरते ती मूळ मोजणीच्या कागदांवरून. जुन्या मुंबई इलाख्याची मोजणी ३३ फुटांच्या, सोळा आण्यांत विभागलेल्या शंकुसाखळीने झाली. पुढे फलकयंत्र आले. त्या नकाशांत त्या त्या साधनांची मर्यादा उतरली आहे. गावनकाशा उपग्रहचित्रावर ठेवून फोनवर दाखविणाऱ्या पडद्यावर बांध आणि रेषा जुळत नाहीत, याचा अर्थ शेजाऱ्याने बांध कोरला असा लगेच होत नाही. नकाशा बसविण्यातच मीटरचा फरक असू शकतो. अशा पडद्याकडे पाहून सुरू झालेली भांडणे भाऊबंदकीत आणि न्यायालयात वर्षानुवर्षे चालतात.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार हद्द निश्चित करण्याचा अधिकार शासकीय यंत्रणेचा आहे. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा व मोजणी झाल्यावर ‘क’ प्रत घ्यावी. हद्दीच्या निशाण्या हलविणे वा मोडणे हा दंडनीय अपराध आहे. स्वतःच्या रिसीव्हरने घेतलेले वाचन हा खासगी टिपणाचा भाग होय, निवाड्याचा नव्हे.

तरीही त्या टिपणाला मोल आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी कृष्णा व वारणा यांच्या काठच्या शेतांत काय केले, ते या भागाला वेगळे सांगण्याची गरज नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. पाणी ओसरल्यावर दगड गाळाखाली, बांध वाहून गेलेले आणि काठाची मळी कोरलेली, असे चित्र दिसते. शासकीय मोजणी झाल्यावर, दोन्ही शेजाऱ्यांच्या समक्ष, प्रत्येक दगडाचे वाचन दर्जा चारवर घेऊन ठेवले असेल, तर गाळात तो दगड कोठे खणून पाहावा हे तरी कळते. पुढील मोजणी येईपर्यंत तेवढ्यानेही वाद टळू शकतो.

म्हणून पावसाळ्यापूर्वीच एक तक्ता करून ठेवावा. त्यात दगडाचा क्रमांक, सात दशांशांपर्यंतचे अक्षांश व रेखांश, आधार, तारीख, दर्जाचा आकडा, काठीची उंची आणि उपस्थितांची नावे लिहावीत. त्याची एक प्रत फोनबाहेर, सातबारा व ‘क’ प्रतीसोबत कागदावर ठेवावी. फोन बदलतो, रिसीव्हर जुना होतो. दगडाचा आकडा मात्र पुढच्या पिढीच्याही उपयोगी पडू शकतो.